ताबा आणि मालकी: नकाशावरच्या पट्ट्यांनी फसू नका

चवथीला फोंड्यात बहिणीकडे गेलो होतो. माटोळीखालून (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची चौकट) आत शिरतो न शिरतो तोच भाच्याने हात धरून संगणकापुढे नेले. "मामा, बहमनी संपवला, बघ!" युरोपा युनिव्हर्सालिस फोर हा राज्ये चालवण्याचा संगणकी खेळ चालू होता, भाचा विजयनगरच्या गादीवर, आणि पडद्यावर अर्धे दख्खन त्याच्या रंगाच्या तिरप्या पट्ट्यांनी भरलेले. मी विचारले, "तह केलास?" तो म्हणाला, "तह कशाला? घेतलंच आहे ना सगळं."

हे "घेतलंच आहे" मी गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे, आणि दर वेळी त्यामागे तोच घोळ असतो. तिरपे पट्टे म्हणजे ताबा. भरीव रंग म्हणजे मालकी. बोलताना आपण दोन्हींना "जिंकला" म्हणतो आणि मग मोहीमही तशीच आखतो.

ताब्याबद्दल फार सांगायला नको, तो सगळ्यांना जमतो. किल्ल्याला वेढा घाला, तो पडला की पट्टे येतात. लढाईत खेळ फासे टाकतो, आणि डोंगरात हल्ला करणाऱ्याच्या फाशातून दोन वजा होतात, टेकड्यांत एक, नदी ओलांडताना आणखी एक, हेही बहुतेकांना पाठ असते. एज ऑफ एम्पायर्स हा दुसरा युद्धखेळ खेळत मोठे झालेल्यांना तर एवढेच युद्ध माहीत असते: शत्रूचे टाऊन सेंटर, म्हणजे वस्तीची मुख्य इमारत, पाडले, आपले उभारले, विषय संपला. तिथे जमिनीचा मालक असा कोणी नसतोच. ती सवय घेऊन माणूस युरोपा युनिव्हर्सालिसमध्ये येतो आणि फसतो.

गोव्यातल्या माणसाला खरे तर हा फरक समजावून सांगायची गरज पडू नये. मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, पिढ्यान्पिढ्या त्या घरात राहतो, माडांच्या सावलीत त्याची पोरे वाढतात, १९७५ च्या कायद्यामुळे त्याला कोणी हुसकावू शकत नाही. तरी घर आणि त्याखालची जागा विकत घेण्याचे सोपस्कार मामलेदाराकडे पूर्ण होईपर्यंत जमीन भाटकाराचीच, म्हणजे जमीनमालकाचीच. राहणे वेगळे, नावावर असणे वेगळे. खेळातला मामलेदार म्हणजे तह. तहात जो प्रांत मागितला नाही, तो तुम्ही दहा वर्षे पट्ट्यांत ठेवला असला तरी युद्ध संपताच मूळ मालकाकडे परत जातो. सिव्हिलायझेशन सिक्स या खेळातही जिंकलेले शहर आधी व्यापलेले म्हणूनच राहते. ते समोरच्याकडून तहात रीतसर सोडवून घ्यावे लागते.

आता जिथे खरी गफलत होते तिथे येतो. ताब्याला मर्यादा नाही, सैन्य पुरेल तितका घ्या. मालकीला मात्र किंमत असते. वॉर स्कोअर, म्हणजे युद्धातल्या यशाचे गुण, शंभराच्या पुढे जात नाही. लढाया कितीही जिंका, त्यांतून फार तर चाळीस मिळतात. उरलेला वेढ्यांतून आणि युद्धाचे उद्दिष्ट राखून भरायचा. तहाच्या टेबलावर प्रत्येक प्रांत त्याच्या विकासाच्या मानाने हा स्कोअर खातो. म्हणजे साऱ्या बहमनी राज्यावर पट्टे उमटले तरी एका तहात त्याचा एक तुकडाच पदरात पडतो. शिवाय जे मागाल त्याने शेजाऱ्यांच्या मनात अग्रेसिव्ह एक्सपान्शन, म्हणजे तुमच्या विस्ताराचा राग, साचते. ते पन्नासच्या वर गेले की शेजारी एकत्र येऊन तुमच्याविरुद्ध युती, म्हणजे कोअलिशन, करू शकतात. आणि मिळालेला प्रांत कोअर होईपर्यंत, म्हणजे राज्यात पक्का मुरेपर्यंत, ओव्हरएक्सटेन्शन (न मुरलेल्या प्रांतांचा भार) डोक्यावर असते. ते शंभरापुढे गेले की बंडे आणि संकटांची रांग लागते. यातले काहीही ताब्याला लागू नाही. ताबा घेतला म्हणून शेजारी चिडत नाहीत, मालकी मागितली की चिडतात.

म्हणून मोहीम आखताना दोन याद्या लागतात, आणि लोक एकच करतात. एक यादी, काय ठेवायचे. दुसरी, त्यासाठी काय व्यापायचे. राजधानी व्यापायची ती स्कोअरसाठी, शत्रूला वाकवण्यासाठी. ती ठेवलीच पाहिजे असे मुळीच नाही. श्रीमंत, मैदानी, महागडी राजधानी पहिल्याच तहात मागणाऱ्यांशी माझे कधीच पटत नाही. मी त्याच स्कोअरमध्ये डोंगरातला एक किल्ला आणि शेजारचे दोन स्वस्त प्रांत घेतो, कारण पुढच्या युद्धात डोंगराचे ते वजा दोन माझ्यावर चालून येणाऱ्याला लागतील.

हा हिशेब आपल्याच मातीत घडलेला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पा पोर्तुगीजांच्या वसईला वेढा घालून बसले असताना मराठ्यांचे सरदार व्यंकटराव घोरपडे फौज घेऊन पोर्तुगीजांच्याच गोव्याच्या साष्टीत उतरले, मडगाव घेतले, राशोलच्या किल्ल्यापर्यंत धडकले. (साष्टी दोन आहेत. मुंबईजवळची मराठ्यांनी १७३७ मध्येच घेतली होती, मी म्हणतो ती मडगावची. या दोन्ही एक करून लिहिलेला मजकूर वाचला की जीव तळमळतो.) गोव्याची फौज घरातच अडकली, वसईला मदत पोचली नाही आणि मे महिन्यात वसई पडली. पुढे तह झाला तेव्हा वसई मराठ्यांकडे राहिली, १७४० मध्ये चौलही आले, आणि साष्टीतून मराठे परतले. पट्ट्यांच्या नकाशावर साष्टी आणि वसई सारख्याच दिसल्या असत्या. एक ठेवायच्या यादीत होती, दुसरी व्यापायच्या.

उलटे उदाहरण आम्ही बसलो होतो त्या फोंड्याचेच. फोंडा तेव्हा सोंदेच्या राजाचा होता. १७६३ मध्ये हैदर अलीने सोंदे घेतले, राजा गोव्याच्या आश्रयाला आला आणि फोंडा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. पण सोंदेकरांनी तो रीतसर तोडून दिला १७९१ च्या तहात. पट्टे जाऊन भरीव रंग यायला २८ वर्षे लागली.

भाच्याला मी कागद-पेन आणायला लावले. पुन्हा युद्ध पुकारण्याआधी तहाचा मसुदा लिहायचा, एवढाच नियम घातला: कोणते प्रांत, किती स्कोअर, किती ओव्हरएक्सटेन्शन, कोणता शेजारी बिथरेल. आणि सगळ्यात खाली, ट्रूस, म्हणजे तहानंतरचा सक्तीचा युद्धविराम, किती वर्षांचा. हा शेवटचा आकडा कोणी लिहीत नाही, याचे मला फार वाईट वाटते. काही न घेता थांबलात तर ट्रूस पाच वर्षांचा, शंभरचे शंभर वसूल केलेत तर पंधरा. सगळेच एका दमात मागणारा पंधरा वर्षे त्याच शत्रूकडे बघत बसतो, आणि तोवर तो शत्रू नवे मित्र जोडून किल्ले बांधून मोकळा होतो.

त्याने आधी अकरा प्रांतांची नावे लिहिली. मग एकेकाची किंमत बघत खोडत गेला. आरती सुरू झाली तेव्हा कागदावर चार उरले होते, आणि बहमनींची राजधानी बिदर त्यांत नव्हते.