तीळ की मेलॅनोमा?

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगाला मेलॅनोमा म्हणतात. सुरुवातीला तो साध्या तिळासारखा दिसतो आणि दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्षित राहतो. बहुतेक मेलॅनोमा जुन्या तिळातून नव्हे, तर कोऱ्या त्वचेवर उगवतात. त्यामुळे चाळिशीनंतर नव्याने आलेला तीळ आधी दाखवावा.

निरुपद्रवी तीळ सहसा गोलसर, रेखीव काठाचा आणि एकरंगी असतो. मधोमध रेघ कल्पिल्यास दोन अर्धे जुळत नसतील, काठ दातेरी किंवा पुसट असेल, एकाच तिळात तपकिरी, काळ्या, तांबूस, निळसर छटा दिसत असतील किंवा रुंदी 6 मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. अर्थात 6 मिलिमीटर ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. त्याहून लहान मेलॅनोमाही आढळतात. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे बदल. आठवड्या-महिन्यांत तिळाचा आकार वा रंग पालटला, खाज सुटली, रक्त आले, तर थांबू नये. एका माणसाच्या अंगावरचे तीळ बहुधा एकाच ठेवणीचे असतात. त्यांत वेगळा उठून दिसणाराही संशयास्पद.

गाठीसारखा मेलॅनोमा या कसोट्यांना चकवतो. तो गोल, एकरंगी, कधी चक्क गुलाबी असतो. उंचवटा, घट्टपणा आणि महिनाभर सतत वाढ एकत्र दिसल्यास तातडीने तपासणी हवी.

गडद त्वचेच्या लोकांत हा रोग कमी होतो, पण होतो तेव्हा बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली. मार लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते; मेलॅनोमाचा उभा पट्टा मुळापासून टोकापर्यंत टिकतो, रुंदावतो, काळेपणा शेजारच्या कातडीवरही उतरतो. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यातील मेलॅनोमाचे निदान 1977 मध्ये झाले. 1981 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी, ते वारले.

डॉक्टर डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, तीळ पाहतात. संशय आल्यास तो भोवतालच्या 1 ते 3 मिलिमीटर त्वचेसह पूर्ण काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. पुढचे उपचार मुख्यतः रोगाच्या जाडीवर, म्हणजे तो त्वचेत किती खोल गेला आहे यावर, ठरतात: 1 मिलिमीटरपर्यंत जाडी असल्यास भोवतालची साधारण 1 सेंटिमीटर त्वचा काढतात, 2 मिलिमीटरपेक्षा जास्त असल्यास 2 सेंटिमीटर. म्हणून संशयित तीळ लेझरने वा आम्लाने जाळून घेणे घातक आहे. जाडी मोजायला काही उरत नाही आणि राहिलेल्या पेशी व्रणाखाली वाढत राहतात.