खळग्यात पाणी किती दिवस राहतं?

एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या माळावर मोठी तळी अजून गोठलेलीच असतात, पण गुडघाभरही खोल नसलेल्या खळग्यांवरचा बर्फ विरघळलेला असतो. उथळ पाणी लवकर तापतं. गेल्या वर्षीच्या कुजक्या गवतात चिलटांच्या अळ्या वळवळायला लागतात, बारीक गोगलगायी दिसू लागतात. तलवार बदकाच्या मादीला नेमकं हेच हवं असतं. अंडी तयार व्हायला भरपूर प्रथिनं लागतात आणि नुसत्या दाण्यांवर ती गरज भागत नाही. उन्हाळा पुढे सरकतो तसे यातले कित्येक खळगे आटून जातात. त्या दिवसांत कुणी पाहणी केली तर ती जागा पाणथळ आहे हे ओळखूही येत नाही.

हिमनद्या मागे हटल्या तेव्हा, दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, हे खळगे तयार झाले. कॅनडापासून आयोवापर्यंत त्यांचा पट्टा पसरला आहे आणि उत्तर अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक बदकांची वीण इथेच होते. याच मुलखात मिसूरी नदीवर गॅरिसन धरण उभं राहिलं. त्याच्या जलाशयाने मँडन, हिदात्सा आणि अरिकारा या आदिवासी समाजांची दीड लाखाहून अधिक एकर जमीन गिळली. मग 1965 मध्ये पुढची योजना मंजूर झाली: धरणाचं पाणी कालव्यांनी पूर्वेकडे न्यायचं आणि अडीच लाख एकर शेती भिजवायची. कालव्यांच्या वाटेत खळगेच खळगे होते. शिवाय मिसूरीचं पाणी हडसन उपसागराच्या खोऱ्यात शिरलं तर परके मासे आणि रोगजंतू तिकडे पोचतील, म्हणून कॅनडाचाही विरोध होता.

बऱ्याच वादानंतर 1986 च्या कायद्याने सिंचनाचं क्षेत्र सुमारे 1 लाख 31 हजार एकरांवर आणलं. वन्यजीवांच्या नुकसानीबद्दल त्यात एक अट आहे, ती मला फार मोलाची वाटते: भरपाई एकराला एकर, पण पर्यावरणीयदृष्ट्या तोडीस तोड, आणि बांधकाम चालू असतानाच.

तोडीस तोड म्हणजे काय? समजा, एकेक एकराचे दहा खळगे गेले आणि बदल्यात दहा एकरांचं एक तळं खोदलं. कागदावर हिशेब चुकता झाला. पण आकार गोल धरला, तर दहा खळग्यांचा एकूण काठ त्या एका तळ्याच्या तिपटीहून जास्त भरतो, आणि माळावरच्या बदकाचा संसार काठावर चालतो. वीण करणारी जोडी आपल्या पाण्यात दुसऱ्या जोडीला सहज शिरू देत नाही. वेगवेगळे खळगे असले की जास्त जोड्यांना जागा मिळते. खोली हाही प्रश्न आहेच. डोकं खाली, शेपटी वर करून तळाशी चोच मारणाऱ्या बदकाला खोल पाण्याच्या तळाशी पोचताच येत नाही.

आटणं हासुद्धा खळग्याच्या जगण्याचा भाग आहे. चिखल उघडा पडला की त्याला हवा लागते, साचलेला पाला झपाट्याने कुजतो, पोषक द्रव्यं मोकळी होतात आणि निजलेलं बी रुजतं. पाणी वर्षानुवर्षं एकाच पातळीवर अडवून ठेवलं की ही उलाढाल मंदावते. म्हणूनच जाणकार व्यवस्थापक भरलेलं तळं अधूनमधून मुद्दाम उतरवतात. पाहणाऱ्याला ती नासाडी वाटते.

नवीन तळं खोदण्यापेक्षा जुना खळगा परत मिळवणं बहुधा सोपं जातं. पूर्वी शेतीसाठी चर मारून ज्यांचं पाणी काढून दिलं होतं, अशा खळग्यांचा चर मातीने बुजवला की पाऊस आणि वितळतं बर्फ पुढचं काम करतात. चिखलात टिकून राहिलेलं बी उगवतं. पण खळगा दशकानुदशकं कोरडा असेल तर ते बी संपत आलेलं असतं. पाणकणीस लगेच माजतं, काठच्या ओल्या कुरणातल्या नाजूक वनस्पती मात्र परततच नाहीत; त्यांचं बी बाहेरून आणून पेरावं लागतं. आणि भोवतीचं गवत विसरून चालत नाही. तलवार बदक अनेकदा पाण्यापासून बरंच लांब, गवतात घरटं करतं.

इतकं करूनही मूळचं सगळं परत येत नाही. जगभरातल्या 621 पाणथळ जागांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा उभ्या केलेल्या आणि नव्याने घडवलेल्या जागा, कित्येक दशकं उलटूनही, जीवसृष्टीच्या रचनेत मूळ जागांपेक्षा सरासरी 26 टक्क्यांनी आणि मातीत कार्बन साठवण्यासारख्या कामांत 23 टक्क्यांनी मागे होत्या. त्यामुळे नुकसान आधी टाळायचं, टळत नसेल तर कमी करायचं आणि उरलेल्याचीच भरपाई करायची, हा क्रम मोडता कामा नये.

गॅरिसन योजनेत टाळण्याचं एक ठसठशीत उदाहरण आहे. शायन नदीच्या उगमाजवळ लोनट्री नावाचा जलाशय व्हायचा होता. 2000 च्या कायद्याने तो रद्द केला आणि त्यासाठी घेतलेली जमीन वन्यजीवांसाठी राखली. सुमारे 33 हजार एकरांच्या त्या क्षेत्रात आज माळाचं गवत आहे, आणि गवतात विखुरलेले खळगे.