मनातलं चित्र, चित्रच असतं का?

डोळे मिटा आणि सांगा: तुमच्या देवघरातल्या गणपतीची सोंड कोणत्या बाजूला वळलेली आहे? बरेच जण आधी मूर्ती मनासमोर आणतात आणि मग तिच्याकडे ‘बघून’ उत्तर देतात. पण त्या वेळी मेंदूत खरोखर चित्रासारखं काही उमटतं, की ‘सोंड डावीकडे’ असं वर्णन साठवलेलं असतं आणि चित्र हा नुसता भास? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्टीफन कॉसलिन चित्राच्या बाजूने उभे राहिले, तर कॅनडातले मानसशास्त्रज्ञ झेनॉन पिलिशिन वर्णनाच्या. १९७०च्या दशकात पेटलेला हा वाद पुढे अनेक वर्षं चालला.

१९७८मध्ये कॉसलिन यांनी लोकांना एका काल्पनिक बेटाचा नकाशा पाठ करायला लावला. मनातल्या मनात एका खुणेवरून दुसरीकडे जायला अंतराच्या प्रमाणात जास्त वेळ लागत होता. यावर पिलिशिन यांचं म्हणणं असं, की लांब जायला वेळ लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे लोक नकळत तसंच वागतात. हा आक्षेप रास्त होता. दोन्ही सिद्धांत तेच आकडे देत असतील, तर घड्याळ निवाडा करू शकत नाही.

मेंदूच्या स्कॅनचा उपयोग इथे झाला, कारण दोन्ही बाजूंची भाकितं आता वेगळी काढता येत होती. डोळ्यांकडून आलेली माहिती डोक्याच्या पार मागे, प्राथमिक दृष्टिक्षेत्रात पोचते. तिथे दृष्टिपटलाचा जणू नकाशाच मांडलेला असतो: नजरेच्या मध्यावर असलेलं अगदी मागच्या टोकाला, कडेचं त्याच्या पुढे. म्हणजे मनात चित्र उमटत असेल, तर लहान आकारात कल्पिलेल्या वस्तूने मागचा भाग जास्त सक्रिय व्हायला हवा आणि मोठ्या आकारातल्या वस्तूने पुढचा. नुसत्या वर्णनातून असं काही निघत नाही. १९९५मध्ये कॉसलिन यांच्या गटाने पेट स्कॅनवर (किरणोत्सारी द्रव्य शरीरात सोडून मेंदूतला रक्तप्रवाह टिपणारं तंत्र) हे तपासलं, आणि सक्रियतेची जागा आकाराप्रमाणे तशीच सरकली. प्रयोगाचं खरं बळ तुलनेत आहे. डोळे प्रत्येक वेळी मिटलेले, काम प्रत्येक वेळी कल्पनेचं, बदलला तो फक्त आकार.

अशी तुलना नसेल तर रंगीत डाग फसवतात. आजचा एफएमआरआय, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने होणारा मेंदूचा स्कॅन, चेतापेशींचं काम थेट मोजत नाही, तो रक्तातल्या ऑक्सिजनचा परिणाम टिपतो. कामाला लागलेल्या भागाकडे गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनयुक्त रक्त धावतं आणि संकेत वाढतो, पण जेमतेम एक-दोन टक्के, तेही पाच-सहा सेकंदांनी. मोजमापाचा सर्वांत छोटा ठोकळा साधारण ३ मिलिमीटरचा, आणि त्यात लाखो चेतापेशी. डोकं दोन मिलिमीटर हललं तरी मेंदूच्या कडेला खोटी सक्रियता दिसते. म्हणून डोक्याभोवती स्पंजच्या गाद्या घट्ट बसवतात. शिवाय हजारो ठोकळे एकाच वेळी तपासले, की काही निव्वळ योगायोगाने ‘पेटतात’. २००९मध्ये अमेरिकी संशोधकांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून हे दाखवलं. अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती केली नाही, तेव्हा त्यातही ‘सक्रिय’ ठोकळे सापडले. दुरुस्ती करताच ते नाहीसे झाले.

उलट दिशेने, म्हणजे पेटलेल्या भागावरून मनात काय चाललंय याचा, निष्कर्ष काढणं याहून घातक. अमिग्डला हा भावनांशी जोडलेला मेंदूचा छोटा भाग पेटला म्हणजे माणूस घाबरला, असं सर्रास लिहिलं जातं. पण तो भाग नव्या गोष्टींनी आणि सुखद गोष्टींनीही पेटतो.

पिलिशिन १९९५नंतरही बधले नाहीत. दृष्टिक्षेत्र सक्रिय होतं म्हणजे विचार करायला तेच वापरलं जातं, हे कशावरून? संगणक चालू असताना दिवे लुकलुकतात, पण हिशेब दिवे करत नाहीत. हा प्रश्न स्कॅनने सुटणारा नव्हताच, त्यासाठी त्या भागात ढवळाढवळ करून पाहावी लागते. १९९९मध्ये चुंबकीय स्पंदनांनी दृष्टिक्षेत्राचं काम तात्पुरतं मंदावलं, तेव्हा पट्ट्यांच्या आकृत्या मनात आणून तुलना करताना लोकांना जास्त वेळ लागला. त्याआधी, १९९२मध्ये, शस्त्रक्रियेत मेंदूच्या एका बाजूचा मागचा खंड काढलेल्या रुग्णाच्या मनातल्या चित्रांची रुंदी कमी झाली होती, उंची मात्र तेवढीच राहिली होती. नजरेचा अर्धा पट्टा गेल्यावर व्हावं तसंच.

पण याच भागाला इजा होऊन दृष्टी गेलेले काही रुग्ण मनात चित्रं उत्तम आणू शकतात, हेही नोंदलेलं आहे. चित्राच्या सिद्धांताला त्यांचा हिशेब अजून द्यायचा आहे.