सिमला ऑफिसचा अंदाज आणि शिवारातला वापसा

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा बसथांबा आहे. कंडक्टर हे नाव दिवसभर पुकारतो, पण पुण्यात सिमल्याचं ऑफिस कुठून आलं हे कुणी विचारत नाही. इंग्रजांच्या काळात भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याला होतं. ते १९२८ मध्ये इथल्या दगडी इमारतीत आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथंच राहिलं. कामही राहिलं. दर एप्रिलला वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकणाऱ्या ‘यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस’ या आकड्याची जुळणी खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयातच होते.

या आकड्यावर गावात बोलणी होतात, बाजारात भाव हलतात आणि कधीकधी प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. चांगला पाऊस सांगितला म्हणून पेरलं, पावसानं ओढ दिली आणि बी-खत मातीत गेलं, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी खात्यानं एप्रिलमध्ये ९६ टक्के पाऊस सांगितला होता, सप्टेंबरअखेर देशात पडला ९५ टक्के. म्हणजे अंदाज चुकला नव्हता आणि शेतकरीही खोटं बोलत नव्हते. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं, हे कळलं की दीर्घकालीन अंदाजातलं बरंचसं कळतं.

या उद्योगाची सुरुवात दुष्काळातून झाली. १८७५ मध्ये हवामान खातं स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी दख्खन आणि दक्षिणेत तो भीषण दुष्काळ सुरू झाला. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांना सरकारनं विचारलं, पाऊस आधी सांगता येईल का? हिमालयात वसंतात बर्फ जास्त असेल तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडतो, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यावर त्यांनी १८८६ मध्ये पहिला नियमित अंदाज दिला. मग १८९९ उजाडलं. अंदाज साफ चुकला आणि देशानं मोठा दुष्काळ पाहिला.

१९०४ मध्ये खात्याचे प्रमुख म्हणून आलेले गिल्बर्ट वॉकर मूळचे गणिती. हवामानशास्त्राशी त्यांचा फारसा संबंध नव्हता, आणि तेच बरं झालं असं मला वाटतं. त्यांनी जगभरच्या वेधशाळांतले हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे मागवले आणि कारकुनांना कागद-पेन्सिल देऊन कशाचा कशाशी मेळ बसतो ते तपासायला बसवलं. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट हाती आली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि उलटंही होतं, जणू हजारो मैलांच्या दांडीचा तराजू. कारण वॉकरना सापडलं नाही. ते कळायला १९६९ उजाडलं. हवामानशास्त्रज्ञ जेकब बियर्कनेस यांनी दाखवलं की या तराजूची पारडी वर-खाली होण्याचा संबंध पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक असलेल्या ‘एल निनो’शी, म्हणजे तिथलं समुद्राचं पाणी अधूनमधून नेहमीपेक्षा तापण्याशी आहे.

इथं एक शंका हमखास निघते. परवाचा पाऊस धड सांगता येत नाही, तर चार महिन्यांचा काय सांगणार? शंका रास्त आहे. आधण ठेवलेल्या पातेल्यात पुढचा बुडबुडा नेमका कुठं फुटेल हे कुणालाच सांगता येणार नाही. पण खाली आच मोठी आहे की मंद, हे पाहून पाणी किती खळखळेल ते सांगता येतं. रोजचं हवामान म्हणजे हे बुडबुडे. त्यांचा अंदाज दहा-पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही. आच म्हणजे समुद्र. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, त्यामुळे एप्रिलमधल्या समुद्राची खूण ऑगस्टच्या ढगांतही उमटते. हवामानशास्त्रज्ञ जूल चार्नी आणि जगदीश शुक्ल यांनी १९८१ मध्ये हा विचार नीट मांडला. उष्ण कटिबंधात समुद्राचा हा प्रभाव इतका मोठा असतो की ऋतूची सरासरी आधी सांगणं निदान तत्त्वतः शक्य आहे.

एरवी विषुववृत्तावरचे पूर्वेचे वारे प्रशांत महासागराचं कोमट पाणी इंडोनेशियाकडे ढकलत राहतात. तिथं हवा वर चढते, ढग होतात. एल निनोच्या वर्षी वारे मंदावतात आणि कोमट पाणी पूर्वेकडे पसरतं. हवा चढण्याची जागाही तिकडे सरकते. मग आपल्या बाजूला हवा खाली उतरू लागते, आणि उतरणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. हे वाचलं की वाटतं, झालं काम! प्रत्यक्षात १९९७ मध्ये विसाव्या शतकातल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी एक आला, सगळे धास्तावले, आणि भारतात पाऊस पडला १०२ टक्के. २००२ मध्ये एल निनो त्या मानानं मवाळ होता, पाऊस ८१ टक्के.

२००२ ची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. त्यात आपल्या पुण्याचे शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर येतात. त्यांच्या पुढाकारानं १९८८ पासून सोळा घटकांचं प्रारूप वापरात होतं. हिमालयातल्या बर्फापासून अर्जेंटिनातल्या हवेच्या दाबापर्यंत सोळा खुणा पाहायच्या आणि त्यांवरून पावसाचा आकडा काढायचा. १९८८ ते २००१ या सलग चौदा पावसाळ्यांत देशव्यापी दुष्काळ पडला नाही, त्यामुळे प्रारूपाचा दबदबा वाढला. पण ज्या परीक्षेत सगळेच उत्तीर्ण होतात तिच्यात हुशार कोण हे कळत नाही. २००२ ला आकडा १०१ टक्के निघाला. जुलै कोरडा गेला, महिन्याच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला. देशाचं अन्नधान्य उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे २१.३ कोटी टनांवरून १७.५ कोटी टनांवर आलं. पुढच्याच वर्षी खात्यानं नवी प्रारूपं आणली.

दरम्यान १९९९ मध्ये हिंदी महासागराचीही स्वतःची एक लय ध्यानात आली होती. त्याची आफ्रिकेकडची बाजू तापून सुमात्राकडची थंडावली तर आपल्याला सहसा फायदा होतो. १९९७ ला तसंच झालं होतं. आता २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमधून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत समुद्र आणि हवा यांचं एकत्रित गणित महासंगणकावर मांडलं जातं. तेही एकदा नाही. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच गणित पुनःपुन्हा सोडवायचं आणि किती वेळा पाऊस कमी येतो, किती वेळा जास्त, ते मोजायचं. म्हणून खात्याच्या पत्रकात एका आकड्याखाली शक्यतांचा तक्ताही असतो. बातमीत आकडा येतो आणि तक्ता गळतो. माझ्या मते खरी माहिती त्या तक्त्यात असते.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. मार्च ते मे हा एल निनोचा अंदाज करायला सर्वांत वाईट काळ. प्रशांत महासागर तेव्हा जणू कूस बदलत असतो. आणि आपल्याला आकडा हवा असतो तो नेमका एप्रिलमध्ये, बियाणं घ्यायच्या आधी! म्हणून मेअखेरीस सुधारित अंदाज येतो. त्याकडे पाहायचं आपण सहसा विसरतो.

आता तो आकडा. शंभर टक्के म्हणजे जून ते सप्टेंबर देशभर मिळून ८७ सेंटिमीटर. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण. हा सगळ्या देशाचा हिशेब आहे. त्यात अडीच-तीन हजार मिलिमीटरचं कोकण आहे, त्याच्या पावपट पावसावर जगणारा मराठवाडा आहे आणि राजस्थानचं वाळवंटही. शिवाय हा चार महिन्यांचा गल्ला आहे, कुठल्या दिवशी किती जमा झाले ते त्यात दिसत नाही. २०२३ घ्या. अंदाज ९६ टक्के, पाऊस ९४ टक्के, म्हणजे अंदाजात गृहीत धरलेल्या कमी-जास्त फरकाच्या आतच. पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. सोयाबीन तेव्हा फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या बेतात असतं. कागदावर वर्ष जवळपास सर्वसाधारण गेलं, शेंगा मात्र भरल्या नाहीत.

हा आकडा खरा उपयोगी पडतो तो धान्याचा साठा, आयात-निर्यात, धरणातल्या पाण्याचं वाटप ठरवणाऱ्यांना. एल निनोची चाहूल लागलेल्या २०२३ मध्ये, २० जुलैला, सरकारनं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. जगाच्या तांदूळ व्यापारातला सुमारे ४० टक्के वाटा भारताचा, त्यामुळे पुढच्या दोन-तीन दिवसांत अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत तांदळाच्या पिशव्यांवर झुंबड उडाली. आपल्याकडचे कितीतरी नातेवाईक त्या रांगेत होते.

शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. वापसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, जमिनीत कधी येईल आणि पेरल्यावर किती दिवसांची उघडीप पडेल? अलीकडे शास्त्रज्ञ या प्रश्नाकडे वळले आहेत. तेलंगणात २०२२ मध्ये अडीचशे गावांत एक प्रयोग झाला. काही गावांना मोसमी पाऊस कधी सुरू होईल याचा अंदाज आधीच दिला. वाईट बातमी मिळालेल्यांनी पेरा कमी केला, चांगली मिळालेल्यांनी शेतीत जास्त पैसा घातला. म्हणजे प्रश्नाला नेमकं उत्तर मिळालं तर शेतकरी त्यावर विश्वास ठेवतो. २०२५ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांवर आधारलेले असे अंदाज तेरा राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवले. त्या वर्षी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोहोचला होता. लोक पेरणीसाठी तिफणी काढायच्या बेतात होते. पण पुढची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत रखडली, आणि ही रखडण त्या अंदाजांत आधी दिसली होती.

मग एप्रिलच्या आकड्याचं कोरडवाहू शेतकऱ्यानं काय करायचं? तक्ता कमी पावसाकडे झुकला असेल तर लवकर येणारं वाण निवडायचं. घरच्या बियाण्याची उगवण तपासून ठेवायची, म्हणजे दुबार पेरणीची वेळ आलीच तर हाताशी बी असेल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण बाहेर काढायची नाही, मग शेजारच्याचं पेरून का झालेलं असेना. आणि नुसतं सोयाबीन न पेरता चार ओळींमागे दोन ओळी तुरीच्या घालायच्या. ऑगस्टच्या खंडात सोयाबीन माना टाकतं तेव्हा तुरीची मुळं खालची ओल शोधत असतात, आणि परतीचा पाऊस आला की ती पुन्हा फुटते.