पासोदोब्ले : ‘दुप्पट’ नेमकं काय?

लॅटिन बॉलरूमच्या पाच स्पर्धा-नाचांपैकी पासोदोब्लेच्या नावाचाच अर्थ सर्रास चुकीचा सांगितला जातो. स्पॅनिशमध्ये ‘पासो’ म्हणजे पाऊल आणि ‘दोब्ले’ म्हणजे दुप्पट. म्हणून एका ठोक्यात दोन पावलं, असा समज होतो. नाचताना मात्र बहुतेक ठिकाणी ठोक्याला एकच पाऊल पडतं.

शब्द पलटणीतला आहे. पायदळाच्या संथ चालीच्या जवळपास दुपटीने, मिनिटाला 120 च्या आसपास पावलं टाकत जायची ही चाल. म्हणजे दुप्पट झाला तो वेग, पावलं नव्हेत. फ्रेंच फौजेतही अशाच चालीला ‘पा रदुब्ले’ म्हणत, त्यामुळे नाव मुळात कुणाचं, यावर अजून वाद आहे. शाळेत कवायत केलेल्यांना फरक चटकन कळेल: ही ‘दौड के चल’ नाही, ‘तेज चल’ आहे. आजच्या स्पर्धेतला वेग मोजला तर दोन ठोक्यांचे 60 ते 62 बार (तालाची आवर्तनं) मिनिटाला, म्हणजे 120 ते 124 ठोके. पलटण सुटली, चाल टिकली. माझ्या मते नावाचा उलगडा करायला एवढा हिशेब पुरेसा आहे. स्पॅनिश लोक हा शब्द जोडून, एकच लिहितात. तोडून लिहायची सवय बॉलरूमवाल्यांची.

हे कवायतीचं संगीत स्पेनमध्ये बुलफाइटच्या रिंगणात गेलं आणि मॅटाडोरच्या, म्हणजे बैलाशी झुंजणाऱ्याच्या, प्रवेशाशी कायमचं जोडलं गेलं. बॉलरूमचं रूप मात्र घडलं फ्रान्समध्ये, 1920-30 च्या सुमारास. म्हणून नाचाचं नाव स्पॅनिश आणि पावलांची नावं फ्रेंच: ‘अपेल’, ‘सूर प्लास’, ‘कू द पीक’. पुरुष मॅटाडोर होतो, स्त्री बहुधा त्याच्या हातातलं, बैलासमोर फडकवायचं कापड. ती बैल असते हा आणखी एक गैरसमज.

स्पर्धांत वर्षानुवर्षं वाजतं ते ‘एस्पान्या कान्यी’ हे पासोदोब्ले संगीत, 1920 च्या दशकातलं. त्यात तीन ठिकाणी संगीत एकदम उसळून थांबतं, आणि जोडपी नेमकी तिथेच ठाम पवित्रा घेऊन गोठतात. पुढे याच धाटणीने इतर पासोदोब्ले संगीतही बांधलं गेलं.

स्पेनच्या कॅटालोनिया प्रांतात 2010 मध्ये बुलफाइटबंदीचा कायदा झाला, 2016 मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. त्या वादाची झळ नाचाला फारशी लागली नाही. स्पेनच्या गावजत्रांत आजही म्हातारी जोडपी संध्याकाळी चौकात पासोदोब्ले नाचतात. तिथे मॅटाडोर नाही, कापड नाही, फक्त एकमेकांना धरून तालात चालणं.