लडाइटांचा राग यंत्रावर नव्हता

नव्या तंत्रज्ञानाबद्दल कोणी शंका काढली की त्याला ‘लडाइट’ म्हणून गप्प बसवतात. समज असा, की १८११ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरच्या मोजे विणकरांनी, म्हणजे मूळच्या लडाइटांनी, यंत्राच्या भीतीने माग फोडले. हे साफ चूक आहे, आणि त्या माणसांवर अन्याय करणारंही. मोज्यांचा माग त्यांना नवा नव्हताच. विल्यम ली याने तो १५८९ च्या सुमारास बनवला होता. विणकरांची पोटं पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच भरत होती.

यंत्र कोणाच्या अटींवर चालणार, हा त्यांचा सवाल होता. चांगला मोजा मागावरच टाके कमी-जास्त करत पोटरीच्या आकारात विणला जाई, त्यामुळे कडा पक्क्या राहत. काही मालक मात्र रुंद मागावर सरळ कापड विणून घेत आणि ते कात्रीने कापून शिवत. कापलेल्या कडेचा एक टाका सुटला की मोजा उसवत जाई. बदनामी सगळ्या धंद्याची होई. शिवाय उस्तादाकडे उमेदवारी करून काम न शिकलेले स्वस्त कामगार, घसरलेली मजुरी. म्हणून विणकरांनी अशा मालकांचे माग निवडून फोडले. ठरलेला दर देणाऱ्यांचे बरेचदा सोडले. १८१२ मध्ये संसदेने माग फोडण्याला देहदंड ठरवला.