मुलींची उन्हाळी शिबिरं: तब्येतीच्या काळजीतून आलेला धीटपणा

मुलींच्या उन्हाळी शिबिराची आजची जाहिरात आत्मविश्वास, नेतृत्व आणि मैत्री यांच्या उल्लेखाशिवाय पुरी होत नाही. अमेरिकेत ही शिबिरं सुरू झाली तेव्हा मात्र मोठ्यांना चिंता होती ती मुलींच्या तब्येतीची.

तिथल्या उन्हाळी शिबिरांची वंशावळ साधारण १८६१ पासून सांगतात. कनेक्टिकटमधले शिक्षक फ्रेडरिक गन यांनी त्या वर्षी शाळेतल्या मुलांना पायी समुद्रकाठी नेऊन तंबूंत ठेवलं. शहरात वाढणारी पोरं नाजूक होतील, या धास्तीने पुढची काही दशकं असली शिबिरं निघत राहिली, पण ती बहुतेक मुलग्यांचीच. मुलींबाबतची धास्ती वेगळीच होती. बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये असं मांडलं की फार अभ्यास केला तर मुलींच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होतो. या मताला बराच काळ वजन होतं. ते खोटं ठरवायला मुलींच्या कॉलेजांनी व्यायाम आणि मोकळ्या हवेवर भर दिला आणि त्याच ओघात शिबिरं आली.

१९०२ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये लॉरा मॅटून या शिक्षिकेने केहोंका हे शिबिर काढलं. त्याच वर्षी शेजारच्या मेन राज्यात वायोनेगॉनिक सुरू झालं. अशा शिबिरांत घोळदार झग्यांऐवजी गुडघ्याखाली आवळलेली ढगळ विजार, म्हणजे ब्लूमर, आणि खलाशी कॉलरचा सदरा असा वेश असे. झगा सांभाळत होडीत चढायचं म्हणजे कसरतच, तेव्हा कपड्यातला हा बदल किरकोळ समजू नये. १९१० मध्ये झालेली शिबिरसंचालकांची संघटना पुरुषांची होती. म्हणून मुलींच्या शिबिरांच्या संचालकांनी १९१६ मध्ये आपली वेगळी संघटना उभी केली. १९२४ मध्ये दोन्ही एकत्र आल्या.

इंग्लंडमध्ये १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या बॉय स्काउट मेळाव्यात काही मुली आपणहून गणवेश घालून हजर झाल्या. त्यांना टाळता येईना, म्हणून पुढच्या वर्षी गर्ल गाइड्सची स्थापना झाली. १९१२ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना शहरात ज्युलिएट गॉर्डन लो यांनी अठरा मुलींना घेऊन ही चळवळ अमेरिकेत नेली. तीच पुढे गर्ल स्काउट्स झाली. ल्यूथर आणि शार्लट गुलिक या दांपत्याच्या कॅम्प फायर गर्ल्स या संघटनेचा कल निराळा होता. मुलींनी मुलग्यांची नक्कल करू नये, घरकामालाच प्रतिष्ठा मिळावी, असा त्यांचा आग्रह. शेकोटीभोवतीचे त्यांचे समारंभ मूलनिवासी अमेरिकनांकडून हवे तसे उचललेले होते, आणि आज ते वाचताना अवघडायला होतं.

म्हणजे हेतू बघितले तर तब्येत, शिस्त, गृहिणीपण. धीटपणा आला तो रोजच्या कामांतून. घरी जड काम भावाच्या नाहीतर गड्याच्या वाट्याला जायचं. इथे दोघेही नव्हते. गर्ल स्काउट्समध्ये पाळ्यांच्या तक्त्याला केपर चार्ट म्हणतात: आज लाकडं, उद्या भांडी, परवा संडास. श्रीमंताघरच्या लेकीलाही त्यातून सूट नाही, निदान नियमाने तरी.

पोहण्याचंच बघा. अनेक शिबिरांत अजून बडी पद्धत चालते. प्रत्येकीला जोडीदारीण ठरवून देतात. पाण्यात उतरण्याआधी दोघींनी आपापल्या नावाच्या चकत्या फळीवर अडकवायच्या. मध्येच शिट्टी वाजते. असेल तिथे थांबून जोडीदारणीचा हात धरायचा आणि वर करायचा. काठावरची ताई जोड्या मोजते, चकत्यांशी ताळा बघते, मग पुन्हा पोहायला मोकळीक. ही सगळी खबरदारी बुडण्याच्या भीतीपोटी, पण कालपर्यंत अनोळखी असलेल्या मुलीचा जीव सांभाळायची जबाबदारी त्यातून दहा-अकरा वर्षांच्या पोरीवर येते. भाषण देऊन एकोपा होत नाही तो असा होतो. शिवाय ती काठावरची ताई स्वतः विशीच्या आतबाहेरची, कित्येकदा त्याच शिबिरात वाढलेली. तिच्या जागी पुढे आपण असू, हे पोरींना समोर दिसत असतं.

हा एकोपा सगळ्यांसाठी मात्र नव्हता. खाजगी शिबिरांची फी सामान्य घरांच्या आवाक्याबाहेर होती आणि वर्णभेद तर उघडच होता. टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये जोसेफीन हॉलोवे यांनी १९३३ मध्ये कृष्णवर्णीय मुलींचं गर्ल स्काउट पथक काढायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. अधिकृत मान्यता मिळायला १९४२ उजाडलं. कृष्णवर्णीय मुलींना शिबिरासाठी हक्काची जागा, कॅम्प हॉलोवे, १९५५ मध्ये मिळाली.

आत्मविश्वास हाच थेट हेतू ठेवणारी शिबिरं अलीकडची. २००१ मध्ये ऑरेगनमधल्या पोर्टलंडला मुलींचं रॉक संगीत शिबिर भरलं. आठवडाभरात वाद्य हाती घ्यायचं, बँड जमवायचा, स्वतःचं गाणं रचायचं आणि शेवटी लोकांसमोर वाजवायचं. ही कल्पना पुढे बऱ्याच शहरांत आणि देशांत गेली. २०१२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये गर्ल्स हू कोड या संस्थेने वीस मुलींना संगणकाची भाषा शिकवायला घेतली. तळं, होडी, शेकोटी यांतलं काही नाही, पण फक्त मुलींचा गट आणि सगळं काम त्यांच्याच हाती, ही घडण जुनीच.

तिच्यावर एकमत मात्र नाही. २०१९ पासून अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सने आपला मुख्य कार्यक्रम मुलींनाही खुला केला. मुली मुलींमध्येच जास्त मोकळेपणाने पुढे येतात, असं सांगत गर्ल स्काउट्सने या बदलाला जाहीर विरोध केला होता.